हरिहराचं मस्तक आणि टायरच्या चपला

१

दार उघडलं तेव्हा देवराम खैरनारांना पहिल्यांदा दिसला तो नुसता लोखंडी दांडा.

गेले आठ महिने, रविवार सोडून रोज साडेचारला ते याच दाराशी चपला काढून उभे राहत, आणि त्या दांड्यावरचं हरिहराचं मस्तक आपल्याकडेच बघतंय असं त्यांना वाटे. करड्या-पिवळ्या वालुकाश्मातलं ते डोकं तेराशे वर्षांपूर्वी कंबोडियातल्या कुण्या ख्मेर कारागिराने घडवलेलं. अर्ध्या डोक्यावर विष्णूचा उभा गुळगुळीत मुकुट, अर्ध्यावर शंकराच्या जटा, आणि कपाळावर तिसरा डोळा तोही अर्धाच. ओठांवर हसू होतं की नव्हतं, हे देवरामांना आठ महिन्यांत ठरवता आलं नव्हतं. ठरवणं हा त्यांचा प्रांतच नव्हे. चौतीस वर्षं वाचनालयात पुस्तकांवर नंबर चिकटवले, वरिष्ठ म्हणतील तिथे सही केली, आणि साठाव्या वर्षी निवृत्त झाले.

आज दांडा होता, डोकं नव्हतं.

देवराम आत गेले नाहीत. हे धाडसाने नव्हे, सवयीने झालं. दालनाच्या भिंती सोमवारी सकाळपासून रंगाऱ्यांनी घासून काढल्या होत्या. एक वाजता ते गेले, दार बंद झालं, आणि हवेत उडालेली पांढरी भुकटी दुपारभर सावकाश खाली बसली. जमिनीवर दह्यावरच्या सायीसारखा पातळ थर होता. आणि त्या थरावर पावलं उमटली होती.

देवरामांनी पिशवीतून सूचीची वही काढली. एखादी वस्तू हलवण्याआधी ती जिथे जशी आहे तशी कागदावर उतरवायची, ही त्यांची रीत. उंबऱ्यावर बसून त्यांनी एकेक पाऊल काढलं आणि प्रत्येकाला नंबर दिला. एकूण चौतीस भरली. मग घसा खाकरून त्यांनी हाक मारली, "साहेब! जरा येता का?"

झुंबरराव देवरे आले ते तरातरा. मूळचे सटाण्याचे, लष्करातून निवृत्त, सत्तरीचे पण काठीसारखे ताठ. पन्नासच्या दशकात सरकारी पथकातून ते कंबोडियाला गेले, तिथून ख्मेर मूर्तींचं वेड घेऊन आले (हरिहराचं मस्तकही सत्तावन सालीच आणलं, असं ते सांगत), आणि इंदिरानगरात अजून चार घरंही धड उभी नव्हती तेव्हा त्यांनी हा बंगला केवळ मूर्तींसाठी बांधला. एकोणीस मूर्ती होत्या. त्यांची सूची करायला देवराम येत.

"हरामखोर!" झुंबरराव ओरडले. बूट घालूनच ते आत शिरले, समोरून वळसा घेऊन दांड्यामागे गेले आणि वाकून बघू लागले. "मागचा स्क्रू व्यवस्थित काढून तिथंच ठेवलाय. माहीतगाराचं काम आहे. ही पावलं बघा खैरनार, टायरच्या चपलेची. डाव्या टाचेला ठिगळ आहे. अशा चपला या घरात कोण घालतं?"

देवरामांना ते ठाऊक होतं. घरातल्या सगळ्यांनाच ठाऊक होतं.

मागच्या पायरीवर त्या चपला जोडीने पडल्या होत्या. तळ पांढरेफटक होते.

२

सावळीराम निरभवणे बारा वर्षं त्या घराचा राखणदार होता. दालन झाडायचं, मूर्तींवरची धूळ मऊ कुंचल्याने काढायची, बाग शिंपायची, ही त्याची कामं. दालनाची किल्ली स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर असे. ती तोच काढे, तोच ठेवी.

"एक ते साडेचार कुठं होतास?" फौजदार आहेरांनी विचारलं. पुंजाराम आहेर मवाळ माणूस होता. शाळकरी असताना वाचनालयात यायचा. एकदा फाटलेल्या पानाबद्दल देवरामांनी त्याला तासभर उभं केलं होतं.

"जेवलो अन् मागं गुलाबाला पाणी देत होतो. अनवाणी. चिखलात चपला घालून कोण जातं? पायरीवरच होत्या."

"बघितलं कुणी?"

"गुलाबानं बघितलं," सावळीराम म्हणाला.

झुंबररावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "सावळीराम, तू घरचा माणूस आहेस. मोह कुणालाही होतो. डोकं आणून दे, चुकलो म्हण, विषय इथंच संपला. मी तक्रारसुद्धा देणार नाही."

सावळीरामने तो हात हळूच बाजूला केला.

"मी घेतलंच नाय तर आणू कुठून? चुकलो नाय तर म्हणू कसं? तक्रार द्या साहेब. बिनघोर द्या."

"माज बघा!"

"माज नाय. माझ्या बापानं छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव गंगेत सोडले. मी तुमच्या त्या डोक्याला कधी हात जोडला नाय. ज्याला हात जोडत नाय त्याची चोरी करून ठेवू कुठं? माझ्या घरात त्याला जागाच नाय."

"विकायला घेतलं असशील."

"मग बारा वर्षं काय झोपलो होतो? किल्ली माझ्याकडंच होती की."

फौजदारांनी टोपी काढून कपाळ पुसलं. पंचनामा लिहून झाला होता. 'सदर पावले सावळीराम निरभवणे याच्याच चपलांची असून तोच आत गेल्याचे स्पष्ट होते' असं शेवटचं वाक्य. पंच म्हणून खाली देवरामांचं नाव होतं.

"करा सही, खैरनार," झुंबरराव म्हणाले.

देवरामांनी पेन उघडलं. निब कागदाला टेकवली. टेकवल्या जागी शाईचा बारीक ठिपका पडला, आणि त्यापुढे हात सरकेना. सावळीराम त्यांच्याकडे बघत नव्हता. विनवत नव्हता. भिंतीकडे बघत उभा होता. विनवलं असतं तर कदाचित देवरामांनी डोळे मिटून सही केली असती.

"मला... उद्या सकाळी दहापर्यंत वेळ द्या," ते म्हणाले. स्वतःचा आवाज त्यांना परका वाटला.

"कशाला?"

"वाक्यात दोन गोष्टी आहेत. चपला त्याच्या, हे मी बघितलं. आत तोच गेला, हे मी बघितलेलं नाही."

झुंबरराव हसले. "सूचीकार! चपला काय आपल्या आपण चालत गेल्या?"

फौजदारांनी वहीत पेन्सिल खोचली. "दहापर्यंत थांबतो. पण दहाला सही नसेल मास्तर, तर दुसरा पंच आणीन. आणि ह्याला घेऊन जाईन."

३

झुंबररावांचा पुतण्या गोरक्ष त्या दिवशी सकाळीच सटाण्याहून कांद्याच्या टेम्पोत बसून आला होता. व्हरांड्यातल्या खाटेवर तो पडला होता आणि सिगारेट ओढत होता.

"काका, मना काय संबंध शे यामा?" देवराम समोर बसताच तो अहिराणीत म्हणाला. मग त्यांचा चेहरा बघून शहरी भाषेवर आला. "जेवलो, इथंच झोपलो. घोरत होतो. विचारा कुणालाही."

"घरात होतं कोण विचारायला?"

"तेही खरं. काकू पंचवटीला, झुंबरकाका वर खोलीत, सावळ्या बागेत." त्याने झुरका घेतला. "आणि मी कशाला चोरू? झुंबरकाका गेल्यावर हे सगळं माझ्याच गळ्यात पडणार. एकोणीस धोंडे! सटाण्याला बांधाला लावीन म्हणतो."

देवरामांना हसू आलं नाही. "तुम्ही दालनात सिगारेट ओढता."

"कुणी सांगितलं?"

"दगडाच्या पन्हळीत राख सापडते. तुम्ही येऊन गेलात की दुसऱ्या दिवशी. मी पुसतो."

मस्तकाचा लोखंडी दांडा ज्या दगडात रोवला होता, त्याचीही सूचीत वेगळी नोंद होती. ती एक चौकोनी, घोट्याइतकी उंच शाळुंका होती, म्हणजे अभिषेकाचं पाणी वाहून जायला एका अंगाला लांब पन्हळ काढलेली बैठक. दालनाच्या मध्यावर ती ठेवली होती. दारातून आत गेलं की पन्हळ उजव्या भिंतीच्या कपाटापर्यंत आडवी येई. मूर्तीच्या मागे जायला उजवीकडून जेमतेम पाच पावलं, पण मधे पन्हळ ओलांडायची. डावीकडून जायचं तर अख्खं दालन फिरून.

"तिथं काय राखपात्र नसतं म्हणून," गोरक्ष ओशाळून म्हणाला. "खाच बरी आहे. उजवीकडं तंगडी टाकून पलीकडं खिडकीशी उभं राहायचं, राख त्यात झाडायची. देवाला काय कळतंय? काकूला सांगू नका हं. माझं जेवण बंद करील."

विमलाबाई, झुंबररावांची पत्नी, स्वयंपाकघरात मोहरी निवडत होत्या. डोळे सुजलेले होते.

"बारा वर्षं रोज एक फूल ठेवते मी त्याच्यापुढं," त्या म्हणाल्या. "हे म्हणतात, विमल, तो दगड आहे. असू दे दगड. आपला कपालेश्वरही दगडाचाच आहे."

"आज दुपारी तुम्ही?"

"सोमवार ना. कपालेश्वराला गेले होते, शेजारच्या सखुबाईंबरोबर. दीडला निघालो, कीर्तन ऐकलं, पाचला आलो." त्या थांबल्या. "देवरामभाऊ, सावळीराम असं करणार नाही. मागच्या वर्षी मी न्हाणीघरात पडले, तेव्हा याच माणसाने मला उचलून रिक्षात घातलं. हे तेव्हा मूर्तीची पेटी सोडवायला मुंबईला गेले होते."

"साहेबांना सांगितलंत?"

"यांना?" विमलाबाईंनी मोहरीतला खडा चिमटीत धरून बाजूला टाकला. "यांना मी काय सांगायचं आणि यांनी काय ऐकायचं."

त्या आणखी काही बोलणार होत्या. तेवढ्यात जिन्यावर बुटांचा आवाज झाला, आणि त्यांनी मोहरीचं ताट पुढे ओढलं.

४

"माझीही जबानी घ्या की," झुंबरराव म्हणाले. आवाजात गंमत होती. "वर पडलो होतो. रेडिओ लावला, झोप लागली. साडेचारला तुमची हाक. लिहिलंत?"

"लिहिलं. साहेब, ते पॅरिसचं पत्र आलं का हो?"

"कोणतं?"

"आपल्या परवानगीने मी तिथल्या एका ख्मेर शिल्पाच्या अभ्यासकांना मस्तकाचा फोटो आणि नोंद पाठवली होती. काळ नक्की व्हावा म्हणून. पाच महिने झाले."

"काही आलेलं नाही. ते लोक उत्तर देत नसतात." झुंबरराव खिडकीशी गेले. "खैरनार, तुम्ही सज्जन आहात, पण भाबडे. तुम्ही देव बघता, मी दगड बघतो. मी सत्तावन साली तिथे ही देवळं बघितली. झाडांची मुळं शिखरात घुसलेली. शाळुंकांवर मी बूट टेकवून नाडी बांधलेली आहे. देव माझ्या डोक्यातून तेव्हाच गेला. म्हणून मला माणसंही नीट दिसतात. करा सही."

देवराम मागच्या दाराने बाहेर आले. सावळीराम पायरीवर बसला होता. चपला फौजदारांनी जप्त केल्या होत्या, त्यामुळे पाय मोकळे.

"सावळीराम, टपाल कोण घेतं?"

"मीच. का?"

"परदेशचं काही आलं होतं? बारीक निळं पाकीट?"

"आलं की. धा-बारा दिस झाले. साहेबांच्या हातात दिलं. तिथंच उभ्यानं वाचलं त्यांनी. मंग मला म्हणले, सावळ्या, खैरनारला सांगू नको, त्याला अचंबा द्यायचाय." त्याने मान वर केली. "आता सांगितलं. चोर म्हणल्यावर कसला अचंबा राखायचा."

मस्तकाच्या मानेखाली, दांड्याच्या भोकाशेजारी, काळ्या रंगात चार आकडे रंगवलेले होते. देवरामांनी ते सूचीत उतरवले होते आणि पॅरिसलाही कळवले होते, कारण दिसलं ते सगळं लिहायचं ही रीत. वाचनालयाच्या पुस्तकाला आतून नंबर असतो तसाच तो दिसत होता. कुठल्या तरी संग्रहाचा नंबर. हे त्यांना तेव्हाच सुचलं होतं आणि त्यांनी ते स्वतःशीही मोठ्याने म्हटलं नव्हतं. आपल्याला काय कळतं, असं म्हणून सोडून दिलं होतं.

पण पत्र लपवलं म्हणजे डोकं लपवलं असं होत नाही. पावलं तर चपलांची होती.

"भाऊ," सावळीराम म्हणाला, "तुमचा चेहरा पडला. सही करायची असंल तर करा. मी तुमच्यावर राग धरणार नाय. पण माझी सही माझ्याच्यानं होणार नाय, येवढं सांगून ठेवतो. मारलं तरी नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला देवराम नेहमीप्रमाणे कपालेश्वराला गेले. पंचवटीत जन्म गेलेला, त्यामुळे पाय आपोआप पायऱ्या चढत. दर्शन घेतलं, प्रदक्षिणेला निघाले. डोक्यात पावलांचा नकाशा घोळत होता. एक ते तीन उजवीकडे. चार आणि पाच शेजारीशेजारी. मग सहापासून उलटी. का? चोराला घाई असते. तो पाच पावलांच्या वाटेने का जात नाही?

अभिषेकाच्या पाण्याच्या पन्हळीपाशी त्यांचे पाय थांबले. शेजारीशेजारी.

मग, आजवर हजारो वेळा वळले तसे, ते मागे वळले.

देवरामांनी खाली बघितलं. आपल्याच पायांकडे, कुणा परक्याचे असावेत तसे. मग तिथेच त्यांनी वही उघडली. मागून येणारा माणूस त्यांच्यावर आदळला आणि म्हणाला, "काय काका, वाटेत काय वही उघडता!"

५

दहा वाजता सगळे दालनाच्या दाराशी होते. कालच्या वर्दळीने भुकटीवरची पावलं पुसून गेली होती. वहीतली तेवढी राहिली होती.

"करताय ना सही?" फौजदार म्हणाले.

"एक नोंद अपुरी आहे," देवराम म्हणाले. त्यांनी वही छातीशी धरली. "दांड्यामागचा स्क्रू किती आट्यांचा, ते लिहायचं राहिलं. साहेब, जरा बघून सांगता?"

झुंबरराव वैतागून आत गेले. सरळ उजवीकडे तीन पावलं टाकली, पन्हळीपाशी थांबले, वळले, आणि समोरून, डावीकडून, अख्खं दालन फिरून दांड्यामागे पोहोचले. "सहा आटे. झालं?"

"झालं. गोरक्ष, तुम्ही मोजता?"

गोरक्ष उजवीकडून गेला, पन्हळीवरून तंगडी टाकली, मोजलं. "सहाच की."

"सावळीराम, तू."

सावळीराम अनवाणी आत आला, उजवीकडून चालत गेला आणि उंबरा ओलांडावा तसा पन्हळ ओलांडून पलीकडे उभा राहिला. "सहा. भाऊ, हा काय खेळ लावलाय?"

देवरामांनी वही उघडून फौजदारांपुढे धरली.

"फौजदारसाहेब, ही काल साडेचारची पावलं. कुणी आत जाण्याआधी काढलेली. एक, दोन, तीन उजवीकडे. चार-पाच पन्हळीपाशी जोडीने. मग उलटं फिरून लांबच्या वाटेने मागे. तिथे स्क्रू काढला. आता चोराच्या हातात बारा किलोचा दगड आहे. टाचा बघा, जास्त ठळक उमटल्यात. उजवीकडून पाच पावलांत तो दाराबाहेर. तरी परत लांबच्याच वाटेने गेला. चौतीस पावलं. का?"

फौजदारांनी नकाशा बघितला. मग दालनाकडे बघितलं. तेही नाशिकचेच.

"सोमसूत्र," ते शेवटी म्हणाले. "शंकराची पन्हळ कुणी ओलांडत नाही. अर्धी प्रदक्षिणा घालून मागं फिरतात."

"लहानपणी आईचं बोट धरून शिकलेलं असतं. विचार करावा लागत नाही." देवरामांचा आवाज आता स्थिर होत चालला होता, याचं त्यांनाच नवल वाटलं. "सावळीरामच्या घरी ते कुणी शिकवलेलं नाही. बारा वर्षं तो झाडू घेऊन हीच पन्हळ रोज ओलांडतोय. गोरक्ष तिच्यात राख झाडतात."

"देवरामकाका!" गोरक्ष म्हणाला.

"आणि माझी बायको?" झुंबरराव म्हणाले. "ती तर रोज फूल वाहते. ती तर मेली तरी ओलांडणार नाही."

"नाही ओलांडणार. पण चपला घालून त्या या दालनात मेल्या तरी येणार नाहीत. शिवाय पाचपर्यंत त्या पंचवटीत होत्या, सखुबाई सोबत." "मीही ओलांडत नाही. आठ महिने इथे मी लांबच्या वाटेनेच जातोय, हे मला आज सकाळी कळलं. मलाही यादीत धरा. एक ते सव्वाचार मी वाचनालयात वाचत बसलो होतो, शिपायाला विचारा. आणि माझ्या पावलाला ती चप्पल दोन बोटं मोठी होईल."

"मग उरलं कोण?" फौजदारांनी विचारलं, जरी ते आता कुणाकडे बघत होते हे सगळ्यांना दिसत होतं.

"देवापुढे पायताण घालून जायला ज्याला काही वाटत नाही, पण पन्हळ ओलांडता येत नाही, असा माणूस. देव डोक्यातून गेलेला, पायातून न गेलेला. दुसऱ्याच्या चपला घातल्या तरी चाल स्वतःचीच राहते, साहेब."



झुंबरराव हसले. मोठ्याने हसले. "वा! मी माझंच डोकं चोरलं! पायांवरून खटला भरणार? कशासाठी चोरलं, खैरनार? आणि चोरलं तर आहे कुठे?"

इथे देवराम अडखळले. कशासाठी, त्याचा अंदाज होता. कुठे, ते ठाऊक नव्हतं. त्यांनी खाली बघितलं. जन्मभर असंच झालं होतं. नव्वद पानं नीट वाचावीत आणि शेवटचं पान फाटलेलं निघावं.

"बोला ना," झुंबरराव म्हणाले. "आहे कुठे?"

"माझ्याकडे आहे," मागून आवाज आला.

६

विमलाबाई दारात उभ्या होत्या. पायांत काही नव्हतं. दोन्ही हातांत जुन्या जांभळ्या लुगड्यात गुंडाळलेलं जड काही होतं, आणि त्या ओझ्याने त्या कमरेत वाकल्या होत्या. सावळीराम धावला. पन्हळ ओलांडूनच धावला. त्याने ओझं घेतलं, जमिनीवर ठेवलं. लुगडं सुटलं आणि अर्धा तिसरा डोळा सगळ्यांकडे बघू लागला.

"यांच्या लष्करी ट्रंकेत होतं," त्या म्हणाल्या. "ट्रंकेवर गोधड्यांची चळत मी लावते. काल संध्याकाळी निळी वर आणि चौकड्याची खाली. मी कधी अशी लावत नाही. तेव्हाच उघडून बघितलं."

"विमल!"

"तुमची बायको आहे म्हणून गप्प बसले, एक रात्र. जास्त नाही बसवत." त्यांनी पदरातून एक निळं पाकीट काढून देवरामांच्या हातात दिलं. "हेही होतं. इंग्रजी आहे. तुम्ही वाचा."

देवरामांनी वाचलं. फार लांब नव्हतं. मानेखालचे चार आकडे कंबोडियातल्या एका वस्तुसंग्रहालयाच्या कोठाराचे होते. मस्तक त्र्याहत्तर सालापर्यंत कोठारात होतं. युद्धाच्या धामधुमीत ते तिथून गेलं. पत्र लिहिणाऱ्याचा एक सहकारी महिनाअखेरीस मुंबईला येत होता. त्याला नाशिकला येऊन ते बघायचं होतं.

"सत्तावन साली आणलं म्हणत होतात," फौजदार म्हणाले.

झुंबरराव ताठच उभे होते. "चौऱ्याहत्तर साली बँकॉकच्या दलालाकडून घेतलं. मग? तिथे सैनिक मूर्तींवर नेम धरून गोळ्या मारत होते. मी वाचवलं याला. ऐकताय? वाचवलं! मी घेतलं नसतं तर आज याचे तुकडे असते. पुन्हा घेईन!"

"असेल," देवराम म्हणाले. "तुम्ही एक डोकं वाचवलंत. ते आपलं आहे म्हणून सांगता येईना, तेव्हा दुसऱ्या माणसाचं डोकं पुढे केलंत. ते दगडाचं नव्हतं, साहेब."

जन्मात पहिल्यांदा त्यांनी कुणा साहेबाच्या डोळ्यांत बघून वाक्य पुरं केलं होतं.

पंचनाम्यातल्या शेवटच्या ओळीवर त्यांनी आडवी रेघ मारली. खाली आपल्या हाताने दोन ओळी लिहिल्या आणि सही केली, ठिपका पडला होता तिथूनच सुरुवात करून. फौजदारांनी त्या वाचल्या आणि झुंबररावांना म्हणाले, "तक्रार तुमचीच होती, साहेब. चला आता, जबानी पुन्हा द्यायला. चालतच जाऊ या."

ते गेल्यावर विमलाबाईंनी सावळीरामकडे बघितलं. "तू राहशील ना रे? हा हरिहर त्याच्या देशाला परत जाईपर्यंत तरी?"

सावळीराम दांड्यामागे गेला, त्याने खिशातून दालनाची किल्ली काढली आणि मोकळ्या शाळुंकेवर ठेवली.

"बाई, तुमचं बोलणं मी कधी मोडलं नाय. पण जिथं माझ्या चपलासुद्धा माझ्या राहिल्या नाय, तिथं मी राहणार नाय. ह्याला नीट भुश्यात बांधून पाठवा. मान खाली ठिसूळ हाय. गोरक्षशेठच्या हाती देऊ नका, बांधाला लावतील."

गोरक्षला हसावं की रागवावं कळेना.

सावळीराम निघाला. उजवीकडून, पाच पावलांत, पन्हळीवरून सरळ दाराबाहेर.

देवराम स्क्रूची नोंद करायला लांबच्या वाटेने दांड्यामागे आले होते. वही बंद केली. डावीकडची लांबची वाट मोकळी होती, आणि पाय तिकडे वळूही लागले होते. त्यांनी पायांना थांबवलं. धोतराचा सोगा एका हाताने उचलला, डोळे उघडे ठेवले, आणि सावळीराम गेला त्याच बाजूने, दगडाच्या पन्हळीवरून पाय पलीकडे टाकला.

"थांब रे सावळीराम," ते म्हणाले. "पंचवटीपर्यंत मीही येतो. अनवाणी एकटा कुठे जातोस?"